लाल दांडा

अनसूयानं ते कोचीहून आणलं,
बर्थखाली, आपल्याच सोलापुरी चादरीत गुंडाळून.
गुडघ्याएवढं पामचं रोप, दांडा लाल.
इतका लाल, की मी आधी नखानं खरवडून बघितला.
छत्तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये काढलेल्या माणसाला
कुणाचाही लाल एकदम पटत नाही.

रंग निघाला नाही.

"याला पाय ओले लागतात, मामा," भाची म्हणाली,
"तिकडं दलदलीत वाढतं हे. हवासुद्धा ओली पाहिजे."
मी दाराबाहेर बघितलं.
एप्रिल. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या
दुपारपर्यंत आपोआप चुरा होत होत्या.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आले की आधी पिंप, मग घागरी, मग बाकीचं जग.

बोअरचं घालून बघितलं.
आठ दिवसांत पानांची टोकं तपकिरी, विडीसारखी जळलेली.
खाऱ्या पाण्यात रंग डाग धरतो
हे मला झोपेतही सांगता आलं असतं,
झाडाच्या बाबतीत मात्र सुचलं नाही.

मग पतसंस्थेच्या मागच्या भिंतीला
एसीची नळी ठिबकताना दिसली.
गोडं पाणी. क्षार नाही, काही नाही.
वॉचमन दस्तगीर म्हणाला, "न्या की, कशाला विचारताय?"
रोज दीड कॅन भरतो.
मॅनेजरना वाटतं, मी खातं उघडायला येतो.

मे महिन्यात कुंडी मोरीत हलवली.
सावली, भांड्यांचा ओलावा, खाली पाण्याची परात.
भोवती ओले टॉवेल टांगले, सेकंडचे, किनार चुकलेले.
दुपारी कूलरचं तोंड तिकडं.
राजमणी घामानं निथळत विड्या वळत होती. म्हणाली,
"पुढच्या जन्मी मीपण कुंडीत येते."
मी कूलर अर्धा तिच्याकडे फिरवला.
अर्धाच.

तरी मधला भाला उघडेना.
पामला शेंडा एकच. दुसरी फांदी नाही, डोळा नाही,
तो गेला की सगळं गेलं.
नर्सरीवाल्या हेब्बाळेंनी सांगितलं,
"भाला धरून हलकं ओढा. हातात आला, तर संपलं.
नाही आला, तर आहे."

रात्री दोन बोटांत धरला.
थंड होता. जरा चिकट.
मिल बंद झाल्यावर अण्णा वर्षभर
रोज सकाळी गेटवर जाऊन कुलूप ओढून बघायचे.
परत येऊन चहा मागायचे, काही बोलायचे नाहीत.
मी भाला सोडला.
मोरीतला दिवा बंद केला.

पुढं काय केलं? काही नाही.
एकदा शेंगदाण्याची पेंड घातली, तर मुंग्या लागल्या.
मुंग्या काढण्यात एक रविवार गेला.
जूनमध्ये काही नाही, जुलैमध्ये काही नाही.
मी कॅन आणत राहिलो, कारण कॅन आणायची सवय झाली होती.

भाद्रपदात एका सकाळी राजमणीनं मोरीतून हाक मारली,
भांडं फुटल्यावर मारते तशी.
भाला वरून चिरला होता.
आत घडी घातलेलं पान,
नव्या टॉवेलसारखं, अजून घड्या न मोडलेलं.
टोक थोडं जळकं. ते तसंच राहू दिलं.

पण नवा दांडा लाल नाही.
गाजरासारखा, फिका, मध्येच हिरवा.
आमच्या घरात लालला एर्र म्हणतात.
राजमणी वाकून वाकून बघते, म्हणते,
"हे काही एर्र नाही."
मी म्हणतो, पहिल्या बुडवणीला कुठलाच लाल लाल नसतो.
ती म्हणते, "तुमचं काय, तुम्हाला सगळंच डाइंग."

काल दस्तगीरनं विचारलं,
"थंडीत एसी बंद असतो, चाचा. मग?"

मी कॅनचं बूच लावत होतो.
बूच जुनं आहे, आटे गेलेत,
थोडं पाणी वाटेत सांडतंच.