लकब

चष्म्यापासून सुरुवात करू नये. चष्मा कुणीही लावतो.
माणूस कुठे अडखळतो, ते आधी शोधायचं.

नगरसेवक बारेनेचे कोटाच्या शेवटच्या बटणापाशी अडखळायचा.
गटारांचा प्रश्न निघाला की उभा राही,
खालचं बटण लावी, काढी, पुन्हा लावी,
मग छताकडे बघत म्हणे,
"तत्त्वतः, होय."

तीन आठवडे मी सभागृहाच्या गॅलरीत बसले,
मांडीवर खोटंखोटं विणकाम घेऊन.

मोंतेविदेओत, ला तेहा भागात,
वर्षभर मी खिळे आणि बिजागऱ्या विकते.
फेब्रुवारीत कार्निव्हल लागला की माणसं विकते,
चाळीस रात्री, गल्लीतल्या फळकुटांच्या रंगमंचावर.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
म्हणून कोट भाड्याचा
आणि बूट भावाचे, दोन नंबर मोठे.

हुबेहूब केलं तर लोक जांभया देतात.
भिंतीत पुरता बसलेला खिळा कुणाला दिसतो?
अर्धा इंच बाहेर राहू द्या,
येणाऱ्याजाणाऱ्याचा सदरा अडकतो.
तेवढं अर्धा इंच म्हणजे माझी कला.
बाकी सगळा बारेनेचे.

पहिल्याच रात्री बटण तिसऱ्यांदा लावलं
आणि प्लास्टिकच्या खुर्च्या करकरल्या,
तोर्ता फ्रिता तळणाऱ्या बाईने झारा कढईतच सोडला.
आठवड्याभरात बेकरीवाला,
"पाव आहे का?"
"तत्त्वतः, होय."
पोरं तर शर्ट नसताना बटण लावत हिंडायची.

जुलैत, थंडीत, तो दुकानात आला.
दोन इंची बिजागऱ्या, चार.
मी मोजून दिल्या. त्याने पैसे मोजून दिले.
कोट उघडाच होता.
खालचं बटण नव्हतं,
काळ्या दोऱ्याचं एक टोक तेवढं उभं होतं.
"पावती हवी?" मी विचारलं.
"नको," म्हणाला. सरळ. एकदाच.

त्यानंतर सभागृहात तो हात खिशात घालून बोलायचा.
वाक्यं नीट, स्वच्छ,
दाराबाहेर पडेपर्यंत कुणाच्या लक्षात न राहणारी.
मी त्याचं काही घेतलं नाही, असं मी सांगत आले.
पण वस्तू एकाकडे होती, आता दुसरीकडे आहे,
याला आम्ही दुकानात काय म्हणतो
ते मला चांगलं ठाऊक आहे.

दोन वर्षांनी तो गेला. गटारं आहेत तशीच.
एल्बिओ, आमचा दिग्दर्शक, म्हणाला,
मेलेल्याला हसू नये, काढून टाक.
मी म्हटलं, मग ते बटण कोण लावणार?
हा युक्तिवाद नव्हे, मलाही कळत होतं.
तो मात्र गप्प झाला.

त्या फेब्रुवारीत चौथ्या रांगेत ओदिला बसली होती,
त्याची बायको. शेजारी मातेचा थर्मास, मांडीवर पर्स.
मी लावलं. काढलं. लावलं.
सगळे हसले. ती नाही.
"तत्त्वतः," म्हटलं आणि थांबले, हशा पिकला.
ती नाही.
मग पुढचं वाक्य सुचेना म्हणून
क्षणभर नुसती उभी राहिले,
भावाच्या बुटात सरकलेली टाच मागे ओढली,
एवढंच,
आणि चौथ्या रांगेतून एकटीचं हसू आलं,
मोठ्याने, तोंडावर हात जायच्या आत.

लोक वळून बघायला लागले.
मी काही केलंच नव्हतं.
तीन आठवडे गॅलरीत बसून
त्याच्या पायांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री टाच मुद्दाम ओढली.
कुणी हसलं नाही.
तिसऱ्या रात्रीही नाही.
एल्बिओ म्हणतो, हे काढ, लय तुटते.

तत्त्वतः, होय.
अजून ठेवलंय.