टोलीडोतल्या अकरा पायऱ्या

स्टुडिओत बांधला तेव्हा त्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या.
व्हर्ना क्विल उतरते, हिरव्या झग्यात
(हिरवा हे आम्हीच ठरवलेलं. चित्रपट काळा-पांढरा.)
खाली नवरा, त्याचा वकील, दोन पोलीस,
आणि तिचं गुपित सगळ्या गावाला कळलेलं.
ती थांबत नाही. घाईही करत नाही.
हनुवटी तसूभर खाली येत नाही.

बावन्नच्या हिवाळ्यात, मॉमी नदी गोठलेली असताना,
एल्डन माझ्या प्रोजेक्टरच्या खोलीत चढून आला.
काचेच्या कारखान्यात भट्टीवर असायचा,
भुवया कायमच्या जळालेल्या.
म्हणाला, हर्मन, मला ती हनुवटी दे.
मला वाटलं थट्टा करतोय.
पण टोपी हातात धरून उभा होता,
कर्ज मागायला आल्यासारखा.

मी कात्री घेतली.
एक फ्रेम. सेकंदाचा चोविसावा हिस्सा.
कडा खरवडल्या, डिंकाचा थेंब सोडला,
दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरलं.
रात्रीच्या खेळाला कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग औषधाच्या दुकानातला मिलार्ड.
मग चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक
(नाव नाही सांगत, बायको हयात आहे त्याची).
मग एक ट्रकवाला, त्याला नुसता तिचा हात हवा होता,
कठड्यावरचा.
रस्त्यात आम्ही एकमेकांना ओळख देत नसू.
दिवस वाईट गेला की पाकीट उघडायचं,
फ्रेम दिव्यासमोर धरायची.
नखाएवढी बाई, उतरत असलेली.

छप्पन साली बारवर धाड पडली.
चौकीत टेबलावर पाकिटं पालथी केली:
सुटे पैसे, परवाने, आईचे फोटो,
आणि फिल्मचे नऊ तुकडे.
सार्जंटने एकेक उचलून बल्बसमोर धरला.
"नऊ जणांची एकच मैत्रीण?"
बर्डेट, आमच्यातला सगळ्यात भित्रा,
दाराच्या करकरीलाही दचकणारा, म्हणाला,
"हो साहेब. आणि ती आत्ता खाली येतेय."
दोन दात गेले त्याचे त्या वाक्यापायी.

पेपरात नावं आली, पत्त्यांसकट.
सकाळी एल्डन चौकीच्या पायऱ्या उतरला.
सात होत्या, मी मोजल्या.
थांबला नाही. घाई केली नाही.
मी समोरच्या फुटपाथवर होतो.
त्या रात्री खेळ होता म्हणून वाचलेला.
हाक मारली नाही मी त्याला.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकोणऐंशीत व्हर्ना क्विल स्वतः आली,
जुन्या चित्रपटांच्या कसल्याशा आठवड्याला.
हातात काठी, काचा बाटलीच्या बुडासारख्या.
जिन्यापाशी चित्र उडालं, ठेचकाळलं.
खेळ संपल्यावर ती माझ्या खोलीत चढून आली,
दर पायरीला दम खात.
"माझ्या तीन पायऱ्या कुठं आहेत?"

मी सांगितलं. नावानिशी. ऑर्गनवाल्याचंसुद्धा.
बराच वेळ ती रिळांच्या डब्यावर बसून राहिली.
मग म्हणाली:
"जिन्याखाली लाइल नावाचा पोरगा होता, शिवणखात्यातला.
झग्याचा घोळ अडकू नये म्हणून पालथा पडून
एकेक पायरी सोडत होता माझ्याबरोबर.
मला तर ओकारी येत होती भीतीने.
आणि तो खालून पुटपुटत होता, हनुवटी, व्हर्ना. हनुवटी.
पुढच्या आठवड्यात त्याला काढून टाकलं.
कुणाबरोबर तरी दिसला होता म्हणे.
मी स्टुडिओत ब्र काढला नाही.
करार होता माझा सात वर्षांचा."

प्रोजेक्टर गार होत टिकटिकत होता.
तिने विचारलं, त्याच्यासाठी एक निघेल का?
मी कात्री शोधली, पण हात थरथरायला लागलेले माझे.
शेवटी तिनेच कापली,
वाकडी, अर्ध्या चेहऱ्यातून.

तिथे आता फिल्म दरवेळी अटकते.
पोरं ओरडतात खालून, शिट्ट्या मारतात.
मी जोड नीट करत नाही.