जन्मस्थानाचा रकाना

नेरुळ, सेक्टर अठरा. शनिवार, रात्रीचे नऊ.
जेवणाच्या टेबलावरून पोळ्यांचा डबा उचलला
आणि जग अंथरलं: चार्ट पेपरवर, पेन्सिलीनं,
दोन महिने ऑफिसातून आल्यावर काढलेलं.
पाच नगरं, एक तट, तटाबाहेर धुकं.

नियम मी आधीच सांगून टाकले.
उडता येणार नाही.
राजपुत्र नकोत.
आईबाप मारले गेले म्हणून सूड घेत फिरणारे तर
अजिबात नकोत, मागे तसे चार जमले होते,
एकमेकांशी बोलायला कुणाकडेच काही नव्हतं.
कूळ या सहांतलंच. जन्म या पाचांतलाच.
गुण सत्तावीस, वाटा कसेही.

जोबी म्हणाला, हे सिडकोसारखं झालं,
बाल्कनीला ग्रिल तरी लावू देशील का?
सगळे हसले, मीही.
पण मागच्या खेळात मी त्याला
कशालाच नाही म्हटलं नव्हतं:
अर्धा ड्रॅगन, अर्धा चंद्र,
पाठीवर बोलणारी तलवार.
तिसऱ्या शनिवारी तो मोबाईल बघत बसला,
चौथ्याला आला नाही.
ज्याला सगळंच येतं, त्याला
या टेबलावरचं कुणीच लागत नाही.

रेवतीनं पाच मिनिटांत सत्तावीस वाटले,
पगार झाल्या दिवशी वाटतात तसे.
हर्षद मढवी मात्र कागदाकडे बघत राहिला.
दिवाळ्याहून स्कूटरवर येतो तो,
डिकीत आईनं तळलेली मांदेली घेऊन.
बळापुढे सहा लिहिले, खोडले, सात केले.
मग विचारलं, कूळ म्हणजे जन्मानं का कसण्यानं?
आमच्याकडे दोन्हींवरून कोर्टात गेलेत.
लांब कानांचे की बुटके, मी म्हटलं, एवढंच सांग.
त्यानं बुटके घेतले.

आणि अडला जन्मस्थानाच्या रकान्यापाशी.
"पाचातलं एकपण नको."
धुक्यात माणसं नाहीत, मी म्हटलं. नियम आहे.
"बाहेरचा नाय गं. आतलाच."
बोट ठेवलं तिसऱ्या नगरावर,
जिथं मी बाजार काढला होता,
चौकोनी, एका रेषेत दुकानं,
मला आवडतो तसा.
"याच्या खाली काय होतं?"
काही नाही. कागद.
"असं कसं? खाजण होतं. बांध होता.
माझा म्हातारा त्या बांधाची उघाडी सांभाळायचा,
भरतीला बंद, ओहोटीला उघडी.
तू वरून नगर काढलंस.
आता मी तुझ्या बाजारात टोपल्या उचलतो.
सत्तावीसात बसवतो. उडत नाय.
आईबाप जिवंत आहेत, दोघंही. चालेल?"

वही मी पुढून मागून चाळली.
एकही नियम मोडला नव्हता त्यानं.

तरी एका गोष्टीला अडवलंच.
पाणी कधी चढणार हे त्याला अंगात कळावं,
असं त्याला फुकट हवं होतं.
दोन गुण मोज, मी म्हटलं.
कुठून कापू?
तुझं तू बघ.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग त्यानं रूपातून कापले.
आधीच बुटका, जोबी म्हणाला, आता कोण बघणार याच्याकडे?
"नका बघू. पाय ओले झाले की हाक मारा."

साडेअकराला खेळ सुरू झाला, मांदेली संपल्यावर.
त्याचा पहिलाच फासा, वीस पैलूंचा,
टेबलाच्या कडेला थांबला:
एक.
घसरलास, मी म्हटलं. बाजारामागच्या गटारात, थेट खाली.
रेवतीनं जीभ चावली.
हर्षदनं मात्र मान वर केली.
"पाणी खारं आहे का गोडं?"

बाजाराखाली मी काहीच काढलं नव्हतं.
तिघं माझ्याकडे बघत होते.
पेन्सिल कुठं गेली तेही सापडेना.

चाखून बघ, मी म्हटलं,
आणि आम्हाला सांग.