तान्ह्या सहा

परळला, सातव्या मजल्यावर, माझं काम एवढंच:
बाहुल्यांची तोंडं स्पिरिटनं पुसायची,
संध्याकाळी मोजून कपाटात निजवायच्या.
मोठ्या चार. तान्ह्या सहा.
तान्ह्यांतली तीन नंबरची खराब आहे,
हवा भरली तरी डावी बाजू फुगत नाही.
तीनदा लिहून दिलंय.

आज मोखाड्याकडच्या सिस्टर आल्या, सोळा जणी.
लिफ्टमध्ये सगळ्या गप्प.
एकीच्या चपलेची लाल माती
माझ्या पुसलेल्या फरशीवर सांडत गेली.

मंत्री मॅडम सांगत होत्या:
कोरडं करा, पाठ चोळा. नाहीच रडलं तर
मान किंचित मागे, मास्क नाकातोंडावर,
दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन.
पहिलं मिनिट संपायच्या आत.
भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्यानं वाजतं
हे मला बारा वर्षांत ठाऊक नव्हतं.

वारघडे सिस्टरच्या वाट्याला तीन नंबर.
म्हटलं, बदलून देतो.
त्या म्हणाल्या, राहू द्या.
आमच्याकडं कुठं निवडून येतात?

जरा वेळानं हात वर करून:
मॅडम, लाइट घालवता का?
कुणीतरी हसलं.
आमच्या उपकेंद्रात जाते. बाई अडलेली असली
की हमखास.

मी बटणं बंद केली, पडदे ओढले.
तरी फटीतून समोरच्या टॉवरची काच चमकत होती.
तिथं माझा एप्रन खोचला.

अंधार.
रबराची फुसफुस.
दाबा, दोन, तीन.
छाती वर येतेय? मॅडमनी विचारलं.
दिसत नाही. हाताला लागतंय.
उजवीकडं येते, डावीकडं नाही.
आणि तीन झाल्यावर, पुन्हा दाबायच्या आधी,
जेवढी जागा उरते तेवढ्यात
त्या तिच्याशी बोलत होत्या,
त्यांच्या बोलीत, अगदी हळू.
मला एवढंच कळलं की त्या तिला रागावत होत्या,
उशीर करणाऱ्या पोरीला रागवावं तसं.

उजेड केला तेव्हा
किती सेकंद झाले ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

सहाला मोजलं. मोठ्या चार. तान्ह्या सहा.
तीन नंबर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात,
डोक्यावरूनही नीट गुंडाळलेली.
बाहेरचं कापड काढून ठेवायचं असा नियम आहे.
तशीच निजवली.

रजिस्टरात लिहिलं, सर्व ठीक.
मग खोडलं.
तीन नंबर, डावी बाजू. चौथ्यांदा.
आणि शेजारी लाल पेनानं:
तातडीचं.