काटा

मीटरवर एकशे साठपर्यंत आकडे आहेत.
ऐंशीच्या पुढचे सगळे कोरे करकरीत,
काट्यानं त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही.

मल्लिनाथ डॅशबोर्डवर खडूनं हिशेब ठेवतो,
आपण कुणाला मागं टाकलं, कुणी आपल्याला.
बाळे सुटेपर्यंत डाव आपला:
उसाच्या दोन ट्रॉल्या,
गाद्या लादलेली एक रिक्षा,
आणि मोहोळची एसटी.
ती थांब्यावर उभी होती,
तरी त्यानं रेघ ओढली.

मग पांढरी कार आली,
आली म्हणेपर्यंत गेली.
मग पुण्याची व्हॉल्वो, पडदे ओढलेली.
मग एका मोटरसायकलवर तिघं,
शेवटच्यानं वळून हात केला आम्हाला
आजोबांना करतात तसा.
"दाबा की ओ, दादा!"

दाबतो रे.
पण मागं हौद्यात दोन माग आहेत, सुटे केलेले,
बिडाचे पाय, दांडे, चाकं, दीड टन,
आणि खिडकीशी त्यांचे मालक,
राजेशम येमूल,
अशोक चौकापासून एक शब्द नाही.

चिंचोली जवळ आल्यावर म्हणाले,
"किती पळते ही?"
ऐंशी, मामा. पुढं कंपनीनंच बांधून ठेवलीय.
"माझा धोटा मिनिटाला एकशे वीस फेऱ्या मारायचा.
पाच फूट पन्हा."

मल्लिनाथनं मोबाइल काढला.
गुणिले, भागिले.
तोंड पडलं त्याचं: "ताशी अकरा. सायकलबी पुढं जाईल."

मामा काही बोलले नाहीत.
पोरगं मात्र गप्प बसेना.
बारा तासांची पाळी, वर्षाचे तीनशे दिवस,
"किती वर्षं, मामा?"
"चाळीस धर."

टोलनाक्यावर आमच्यापुढं चार गाड्या होत्या.
चौथी सुटली तेव्हा तो हळूच म्हणाला,
"पंधरा लाख किलोमीटरच्या वर.
चंद्रावर जाऊन परत.
दोनदा."

मामांनी खिडकीची काच खाली केली.
"दोनदा कशाला?"

खडू त्याच्या हातातच राहिला,
रेघ कुठल्या बाजूला ओढायची कळेना.
तेवढ्यात एक टँकर आम्हाला घासून गेला,
तो लिहायचाच राहिला.

वजनकाट्यावर गाडी चढवली, इंजिन बंद केलं.
खिडकीतल्या माणसानं आकड्याकडं बघितलं,
मग आमच्याकडं.
"उतरा खाली. माणसं धरत नाही आम्ही."

मी उतरलो, मल्लिनाथ उतरला.
मामांना दार उघडायला जरा वेळ लागला.