न वाजवल्याचं मानधन

हंसा पागेदार पहिल्यांदा थांबली
ती पंधराव्या मात्रेवर.
साल एकाहत्तर, सूरसागरच्या काठचा हॉल,
पुढच्या रांगेत गुरुजी, त्यांचे दोन गुरुबंधू
आणि हंसाची आई, मांडीवर पेढ्यांचा पुडा.
तिहाईचा शेवटचा धा राहिलेला,
माझा हात उचललेला,
अर्धं सभागृह वाहवातला पहिला वा तोंडात धरून.
ती आलीच नाही.
सम एकटीच येऊन उभी राहिली,
चुकीच्या लग्नघरात शिरलेल्या पाहुणीसारखी.

गुरुजी उठून गेले. पेढे कुणी वाटले नाहीत.
टांग्यात मला म्हणाली, "धुंडिराज, ऐकलंत?
ती रिकामी जागा केवढी वाजली!"
म्हटलं, मला तर माझी अब्रू जाताना ऐकू आली.

पुढे तिनं घुंगरं मोडीत काढली.
मंगळबाजारात काट्यावर, पितळ, पावणेदोन किलो.
आल्या पैशात एक जुनी सायकल घेतली
आणि रोज पहाटे कमाटीबागेजवळच्या पुलावर
विश्वामित्रीतली मगर बघायला.
तीन महिने.
पोलिसाला वाटलं, बाई जीव देणार.
त्यानं चहा पाजला, म्हणाला, "बेन, घेर जाव."

'मगर'चा पहिला प्रयोग गोरव्यात, बंद पडलेल्या गिरणीत.
अकरा प्रेक्षक, त्यातले दोघे कबुतरं हाकलायला ठेवलेले.
चाळीस मिनिटांत तिनं डावं मनगट फिरवलं,
एकदा.
मी शेजारी बसलेलो, तबला-डग्गा गवसणीत.
अटच तशी होती.
पाकिटात नेहमीपेक्षा अकरा रुपये जास्त निघाले.
"न वाजवणं अवघड असतं," म्हणाली.
घरी बायकोनं ते दोनदा मोजले आणि विचारलं,
असे प्रयोग आणखी किती आहेत?

फार नव्हते.

कॉलेजनं नोकरी दिली नाही.
जर्मनीहून बोलावणं आलं. गेली. परत आली,
सोबत एक जाड कोट,
बडोद्यात कुणाच्याच कामाचा नसलेला.
मग वीस वर्षं बँकेतल्या कारकुनांना
पाठदुखीचे व्यायाम. तेही आपल्या पद्धतीनं:
"खुर्चीवरून उठायचा नुसता विचार करा.
उठू नका.
कमरेत काय हललं ते बघा."
तक्रारी झाल्या. दुखणी मात्र बरी झाली म्हणतात,
काहींची.

नंतर तो पूर.
कारेलीबागेत पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला
आणि सातवीवर मगर, चांगली आठ फुटी.
हंसा वरच्या चौकटीत खुर्ची टाकून बसली,
संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत.
वनखात्याची पोरं आली, जबडा बांधून मगर घेऊन गेली.
ही रडत होती. पोरांना वाटलं, घाबरली.
फोनवर मला म्हणाली,
"माझी चाळीस मिनिटं, धुंडिराज. तिचे अकरा तास.
मी तेव्हा मनगट उगाच हलवलं."

आता तिचे दोन्ही गुडघे नवे.
माझा उजवा हात जुनाच, पण माझं ऐकत नाही.
कप उचलला की बशी वाजते.
परवा आली, लीलो चिवडा घेऊन,
आणि तासभर त्या हाताकडेच बघत राहिली,
लोक हळहळून बघतात तसं नाही,
पुलावरून बघायची तसं.
मग पुटपुटत मोजायला लागली.
सात. साडेपाच. नऊ.
"सम कुठाय याची?"
म्हटलं, नाहीच.
"मग मी मनगटसुद्धा हलवणार नाही.
तुम्ही फक्त हात टेबलावर ठेवून बसा.
या वेळी गवसणी नको."

गुरुवारपासून तालीम.
डॉक्टर म्हणाले, एकाच्या दोन गोळ्या करू, कंप थांबेल.
म्हटलं, नक्की थांबेल ना?
मग प्रयोग होईपर्यंत
तुम्हीच जरा थांबा.