नऊ वाजेपर्यंत

एल्मिनाच्या दवाखान्यामागं, बदामाखाली
सात खुर्च्या. सातही जणांना काचबिंदू.

नर्स मान्सा सांगते :
चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा.
कोंडू नका.
डोकं गुडघ्यांत घालू नका, दाब चढतो.

एकोव बेन्सिल हसतो.
श्वास कोंडूनच तर पोट भरलं त्यानं :
होडीखाली बुडी मारायची,
खडकात गुंतलेलं जाळं सोडवायचं,
आणि किनाऱ्यावर मान खाली घालून
तेच जाळं विणत बसायचं, चाळीस वर्षं.

आता जाळ्याची डावी कड त्याला नाही.
काळोख असता तर कळलं असतं.
काळोखही नाही तिथं, नुसतं नाहीच.
शेजारची अराबा अचानक उगवते,
भाजलेलं केळं हातावर ठेवते,
पुन्हा नाहीशी.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं,
"गेलेलं परत येतं का यानं?"
"नाही. राहिलेलं राखायला थेंब आहेत.
रात्री नऊला, न चुकता."
"मग हे कशाला?"
मान्सानं बाटलीचं झाकण लावलं.
"नऊ वाजेपर्यंत."

आज डोळे मिटलेत.
एक, दोन, तीन, चार.
सोडताना पाचावर तो थबकतो.
"डावीकडून होडी येतेय. ओतूची.
इंजिन खोकतंय बघ, डिझेलमध्ये पाणी गेलंय."

"मोजणी चुकली तुमची," मान्सा म्हणते.

"चुकली," तो म्हणतो,
आणि होडी वाळूला लागेपर्यंत
पुन्हा एकपासून मोजत राहतो.